वीस-वीस नावांची यादी

मंडळी, बोंडअळीने कपाशी गेलेल्या शेतकऱ्यांची पंचनाम्याची यादी दाखवणारं ॲप मी बनवलंय. आधी सगळी यादी एकदम उघडायची आणि मोबाइल हँग व्हायचा. म्हणून मागच्या आठवड्यात एपीआयमध्ये पेजिनेशन टाकलं, म्हणजे एका पानावर वीसच नावं. शिवाय नाव टाकून शोधायचं फिल्टर.

आज ते कसं चाललंय हे बघायला अमडापूरच्या सेवा केंद्रावर गेलो. लोक येत होते, आपलं नाव शोधून मिनिटात जात होते. मला बरं वाटलं.

बाकावर सुमनबाई बसल्या होत्या. केंद्र चालवणारे सलीमभाई त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यायचं नाव काऊन नाही?"

मी शोधलं. खरंच नव्हतं. पंचनाम्यातच राहून गेलं होतं आणि हरकतीची मुदत काल संपली.

"माही पऱ्हाटी अळीले दिसली," सुमनबाई आपल्या कपाशीबद्दल म्हणाल्या, "सायबालेच नाही दिसली."

मी सलीमभाईंना विचारलं, काल का नाही सांगितलं?

"मलेच आज समजलं. पह्यले आपलं नाव सापडेस्तोवर सारं गाव वाचा लागे. कोणाचं राह्यलं तं शेजारीच सांगत ये. आता जो तो आपलंच पाहून जाते."

माझ्या कोडमध्ये चूक एकही नाही. घरी येऊन गावाची पूर्ण यादी छापायचं बटण टाकलं. दहा मिनिटांचं काम होतं.

तुम्ही शेवटची कुठलीही यादी पाहिलीत, तेव्हा शेजाऱ्याचं नाव शोधलं होतं का?