काढून टाकायचं बटण

चाकणच्या आमच्या कंपनीत कंत्राटी कामगाराला दर सात महिन्यांनी ब्रेक देतात. शब्द ऐकायला गोड आहे. माणूस पर्मनंट होऊ नये म्हणून त्याला घरी बसवायची ही युक्ती, दुसरं काही नाही. ब्रेक लागला की सुपरवायझर त्याच दिवशी त्याला लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढतो. माझ्या शेजारी उभा राहून गाड्यांच्या वायरी जोडणारा ज्योतीराम असाच गेला. आम्ही पर्मनंटवाल्यांनी माना खाली घातल्या. नोकरी सांभाळायची तर आधी तोंड सांभाळायचं, एवढं मी शिकले होते.

वर्षाली मात्र भडकली. ही बीडकडची पोरगी, डिप्लोमा झालेली, स्वतः कंत्राटी, आणि कुणाच्या बापाला न घाबरणारी. निगडीहून कंपनीच्या बसमध्ये बसली की मांडीवर जुना लॅपटॉप उघडायची आणि ॲप लिहायची. मी शेजारी, म्हणून मला सगळं ऐकावं लागे. नेटवर म्हणे ग्रुपसारखे निरोप टाकायचं असं एक जाळं आहे, ज्याला एक मालक नाही. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापले सर्व्हर चालवलेत आणि ते एकमेकांशी बोलतात. त्या जाळ्यासाठी आमच्या स्वस्तातल्या फोनवर चालेल असं मराठी ॲप ती करत होती. कोड सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, चुका काढाव्यात, आणि बदल हवा असेल तर सगळ्यांना दिसेल अशा पानावर नावानिशी मागावा.

यात माणसाला काढायचं बटण कुठे आहे, असं मी विचारलं. ते मी केलेलंच नाही, म्हणाली.

सहा महिन्यांत ॲपवर चारशे जण आले. ज्योतीरामही आला, आणि त्याने लिहिलं की आपल्याकडे प्रेस मशीनची जाळी काढून काम करून घेतात. जाळी बोटं वाचवायला असते. सोबत फोटोही टाकला.

दुसऱ्याच दिवशी एचआरच्या दिग्विजय साहेबांनी वर्षालीला बोलावलं. ती मला हाताला धरून घेऊन गेली. साहेबांनी चहा मागवला तेव्हाच काहीतरी हवं आहे हे मी ओळखलं. त्यांना कंपनीच्या हातात राहील असं एक बटण हवं होतं. ते दाबून नको तो माणूस काढता यावा, ज्योतीरामपासून सुरुवात. बदल्यात वर्षाली पर्मनंट. पत्र छापून तयार होतं.

पर्मनंट होणं काय असतं ते मला विचारा, मी अकरा वर्षं वाट पाहिली होती. मी तिला कोपराने ढोसलं.

तिने पत्र पूर्ण वाचलं आणि परत सरकवलं.

"सर, बदल मागायची जागा ठरलेली हाय. तिथं तुमच्या नावानं लिहा. सगळे वाचतील, मग ठरवू."

साहेब हसले, हे आपल्यातच राहू द्या म्हणाले. ती खुर्चीतून उठली. मग त्यांचं हसू गेलं. सोमवारपासून तुझा ब्रेक, म्हणाले.

परतीच्या बसमध्ये तिने ती मागणी स्वतःच त्या पानावर लिहिली. कुणी मागितलं, काय मागितलं, कशाच्या बदल्यात, सगळं. बस तळवड्याला पोहोचायच्या आत ज्योतीरामचं उत्तर आलं: "ताई, माझ्यापायी नोकरी घालवू नका. मला काढा."

वर्षालीचे डोळे भरले. तिने खाली एकच शब्द टाकला, नामंजूर.

लगेच त्याच पानावर कुणीतरी विचारलं, साहेब असं बोलले याला पुरावा काय? पोरगी प्रसिद्धीसाठी रचून सांगते आहे, असंही लिहिलं. त्याला पटापट दुजोरे मिळू लागले. वर्षाली लॅपटॉप मिटून खिडकीबाहेर बघत होती. तिने मला काही म्हटलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी फोन काढला. त्या ॲपवर मी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. टाइप करायला वेळ लागला.

"मी त्या खोलीत होते. तिने लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. दुर्गा सोनबा काळोखे, पर्मनंट."