खुर्चीखालची वाळू

नागभीडच्या फलाटावर आमची छोटी गाडी अशी ऐटीत थांबली, की इतका वेळ ती रांगत आली होती हे मी क्षणभर विसरलो. समोर माझा मावसभाऊ वसंता उभा. तो त्या भागात तलाठी. मी पुण्याहून जंगल पाहायला आलो होतो.

"जंगल उद्या," तो म्हणाला. "आज पंचनामा."

चार-आठ दिवसांपूर्वी पूर येऊन गेला होता. नदीने बांध्यांत (बांधी म्हणजे धुऱ्याने, मातीच्या बांधाने, वेढलेले भाताचे शेत) वाळू आणून टाकली होती. ज्याच्या बांधीत वाळू, त्याला सरकारी मदत. मात्र ती वाळू तलाठ्याने स्वतः पाहायला हवी. मी सायकलच्या कॅरिअरवर बसलो आणि दोन कोस निसर्गशोभा, म्हणजे वसंताची पाठ, पाहत गेलो.

पहिले घर पारबताबाईंचे. पन्नाशीच्या, एकट्या, दोन बांध्या कसणाऱ्या. गावभर चिखल, पण त्यांच्या अंगणात पांढरी वाळू अंथरलेली, वर रांगोळी, मधोमध शाळेतून आणलेली खुर्ची! आधी जेवण झाले. भात आणि सात्यांची (रानातल्या अळंब्यांची) भाजी. मी तीनदा वाढून घेतली. चौथ्यांदा वसंताने माझ्याकडे सरकारी नजरेने पाहिले.

मग बांधीवर गेलो. बांधी लख्ख! धुरे नीट लिंपलेले, वाळूचा कण नाही.

"बाई, वाळू कुठं आहे?"

"काढली न साहेब! तुमी येनार म्हून सांगतलं कोतवालानं. चार दिस टोपल्यानं वाहून राह्यली मी. कंबर गेली माही!"

"अहो, तीच तर पाहायची होती! काढली काऊन?" वसंता आता त्यांचीच भाषा बोलू लागला.

"पाव्हना येते त त्याले रेतीत, चिखलात उभा करू का?"

पंच म्हणून आलेले म्हातारे डोमाजी पुढे सरसावले. "साहेब, घंटाभर थांबा. गाव मिळून पुन्हा टाकतो."

"भाऊ, मग मी नोकरीत राहीन का?"

बाईंचा चेहरा उतरला. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तर पुरात गेलीच होती. यादीत नाव आले तर पुन्हा बी घेता येणार; नाही तर वर्षभर दुसऱ्याच्या बांधीत मजुरी. "माही अक्कलच वाहून गेली पुरात," त्या पुटपुटल्या.

आम्ही अंगणात परतलो. वसंताने कागद काढले, सुस्कारा टाकला आणि धप्पकन खुर्चीत बसला. खुर्चीचे मागचे पाय वाळूत शिरले आणि सरकार उताणे पडले! वर दोन चपला, खाली पंचनामा. मी टाळी वाजवली नाही. ती आपोआप वाजली.

वसंता उठला तेव्हा त्याच्या मुठीत ओली वाळू होती आणि वाळूत कुजलेले भाताचे रोप.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ही वाळू कुठली?"

"बांधीतलीच न! आंगनात चिखल होता. तुमची खुर्ची कुठी मांडू?"

डोमाजी हसून हसून खोकायला लागले. "पुराव्यावरच बसले होते साहेब!"

वसंताने अंगण टेपने मोजले आणि शांतपणे लिहिले: बांधीतून काढलेली वाळू रोपांसह अंगणात समक्ष पाहिली. ती जिथून काढली ती बांधी पंचांनी दाखवली. तलाठ्याची खुर्ची वीतभर खचली. खाली डोमाजींचा अंगठा, आणि साक्षीला माझी सही. एवढ्या तोऱ्यात मी लग्नाच्या नोंदवहीतही सही केली नव्हती.

जंगल राहूनच गेले. दिवाळीत वसंताचे पत्र आले: मदत मिळाली, तालुक्याच्या कचेरीने 'खुर्ची' या शब्दाला लाल रेघ मारून पंचनामा परत पाठवला होता, पण पारबताबाईंची वाळू मान्य झाली. परवा पाहुणे येणार म्हणून बायको घर आवरत होती आणि माझ्या प्रवासी बुटांतली पांढरी वाळू केरात टाकणार होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला.