आत्तींनी खाटेवर बसून समुद्र बघितला

बायांनो, आज आम्ही रत्नागिरीत हाय. लेकानं भाड्यानं गाडी आणलीया. आत खाट, गॅस, मोरी, चालतं घरच!

माझ्या सासूनं, आत्तींनी, ऐंशी वर्षांत समुद्र बघितला न्हवता. आधी राजवाड्यात गेलो. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला तिथं कोंडलेलं. तो सज्ज्यातनं समुद्राकडं बघत बसायचा म्हणं. गाईडचं बोलणं संपंना. मी म्हटलं, "पावणं, आवरा, दिवस बुडाय लागला की!"

किनाऱ्यावर आत्तींचे गुडघे वाळूत चालंनात. मग लेकाला गाडी उलटी लावायला सांगितली आणि मागचं दार उघडलं. आत्ती खाटेवरनं बघतच राहिल्या.

"राजाचं घर लांब राहिलं, बिचारा," त्या म्हणाल्या. "मी घर घेऊनच आलीया!"

तुमच्या घरात कुणाचा समुद्र राहिलाय?