देवळीची लाकडी बाई आणि तिची मान

वर्ध्याला मी एका लाकडी बाईला भेटायला गेले. ती भेटली, पण कशा अवस्थेत ते आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

नागपूरच्या एका प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. सागाच्या एका खोडातून कोरलेली, माणसाएवढी, डोक्यावर कापसाचं गाठोडं, मान ताठ. गर्दीत धड फोटोही काढता आला नाही. शिल्पकार छाया तिथेच उभी होती. चाळिशीची, दोन्ही हातांच्या बोटांना चिकटपट्ट्या. म्हणाली, "देवळीजवळ गाव हाय माहं. केव्हाबी येजा."

त्या 'केव्हाबी'वर भरवसा ठेवून मी डिसेंबरात बँकेतून रजा काढली, फोन करून दिवस पक्का केला आणि पुण्याहून रात्रीची गाडी धरली. गाडी सकाळी पोचायची ती चांगलीच उशिरा पोचली. वर्धा स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले (खाच, पण तर्री वेगळी मागा, नाहीतर डोळ्यांतून पाणी येतं), एसटीने देवळी गाठली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च म्हणावा असा नाहीच. पुढे सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेल्या ट्रॅक्टरमागे रखडत रिक्षाने गाव.

दारात छायाची आई, शेवंतामावशी, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"छाया? थे त हिंगणघाटले गेली. लाकूड पाहाले."

"अहो, मी आज येणार म्हणून सांगितलं होतं!"

"मले त नाई सांगतलं."

मी फोन लावला. घरातल्या फळीवर वाजला.

पुढची चूक तुम्ही करू नका. देवळीहून हिंगणघाटला थेट बस आहे म्हणून फाट्यावर उभं राहू नका. असेलही, मला दिसली नाही. परत वर्धा, तिथून हिंगणघाट, अशी मी उन्हं डोक्यावर घेऊन पोचले. मावशींनी सांगितलेली, कापसातून सरकी काढायच्या जुन्या जिनिंग कारखान्याची शेड पाडायचं काम चालू होतं. धुळीत एका लांबलचक सागवानी तुळईवर छाया मांडी घालून बसली होती आणि भंगारवाल्याची माणसं तिच्याभोवती हात जोडून उभी होती.

"ताई, उठा न जी. तीन तुकडे केल्याशिवाय गाडीत बसत नाई ते."

"नाई उठत. तुकडे केले त मी काय कोरू, पोळपाट?"

मला पाहून तिचा चेहरा उजळला. "आल्या तुम्ही? बरं झालं. बसा इथं. उठू नका, कापून टाकतीन. मी ट्रॅक्टर पाहून येते."

मी बसले! हौसेनं सुट्टी काढून आलेली मी, अनोळखी गावात, भर दुपारी, एका तुळईची राखण करत बसले. उन्हं कलल्यावर ती ट्रॅक्टर घेऊन आली. परतीचा सगळा प्रवास ट्रॉलीत, तुळई अंगावर सरकू नये म्हणून तिला पाय लावून. वर्ध्याच्या लॉजमध्ये राखून ठेवलेली खोली रिकामीच राहिली आणि मी मावशींच्या घरी. मात्र त्यांनी वाढलेला सोलेभात, ओल्या तुरीच्या दाण्यांचा, वर कच्चं तेल, त्यासाठी मी सगळ्यांना माफ केलं. सकाळपर्यंत.

सकाळी छायाने कामाच्या शेडचं पत्र्याचं दार उघडलं. लाकडी बाई जमिनीवर पडली होती. धड एकीकडे, गाठोड्यासकट डोकं भिंतीशी. मान मधोमध कापलेली.

"हे कोणी केलं?" मी ओरडलेच.

"मीच. मागच्या हप्त्यात."

"काऊन केलं ते विचारा तिले," मागून मावशी म्हणाल्या. "नागपूरच्या हॉटेलवाल्यानं पसंत केली होती. गाडी येनार होती. आदल्या दिवशी हिनं करवत चालवली."

"मान खोटी होती," छाया म्हणाली.

"कुणाला कळलं होतं?" मी विचारलं.

"मले कळलं न."

मी चिडून म्हटलं, नवीन कर ना, जुनी कशाला तोडायची? ती शांतपणे म्हणाली, "जुनी ठेवली त लोकं जुनीच पाहतीन. तुमच्यासारखे."

ती मला शेतात घेऊन गेली. मावशींची कापसाची वेचणी सुरू होती. गाठोडं बांधलं, डोक्यावर चढवलं आणि छायाचं सुरू झालं. "माय, चाल. थांब. फीर. पुन्हा चाल." मध्येच जवळ जाऊन ती मावशींच्या मानेवर दोन्ही अंगठे दाबून पाहायची.

"मी काय पुतळा हाव? उतरू दे न वं!"

"आणखी एक चक्कर, माय."

मी बांधावरून मावशींच्या मागे चालत होते. मान ताठ नव्हतीच. प्रत्येक पावलाला ती थोडी बाजूला झुकायची, सावरायची, पुन्हा झुकायची. मानेखाली एक खळगा दर पावलाला भरायचा आणि रिता व्हायचा. प्रदर्शनातली बाई राणीसारखी उभी होती. आम्हाला तेच आवडलं होतं.

"माही माय अशी मिरवत नाई चालली कधी," छाया म्हणाली. "सांभाळत चालली. चाळीस वर्सं माह्या डोळ्यासमोर. अन् मी राणी कोरली." तरी माझा राग काही गेला नाही.

निदान नवीन काम तरी सुरू होताना पाहू म्हटलं. दुपारी तिने तुळईवर पटाशी लावली आणि पहिल्याच घावाला आतल्या खिळ्यावर धार मोडली. मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी खिळे उपटत बसलो. कोरीव काम शून्य. माझ्या कॅमेऱ्यात गंजके खिळे आणि एक लाकूड.

घरी नवऱ्याने विचारलं, "मग, पाहिलं का शिल्प?" मी त्याला अर्धा तास नुसती एक मान कशी हलते ते सांगत होते. तो घड्याळ पाहायला लागल्यावर थांबले. कुणाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, हाताशी दोन मोकळे दिवस ठेवा आणि निघण्याआधी छायाचा फोन छायाजवळच आहे ना, ते विचारा. राग अजून आहे. पण बसस्टॉपवर डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली की मी आता तिच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहते.

परवा मावशींचा फोन आला.

"मान झाली जी. आता मलेच इचारून राह्यली, बरोबर हाय काय म्हून. मी माही मान कधी पाह्यली? मांगं त तुम्ही होत्या. तुम्ही येऊन सांगजा."

रजा शिल्लक नाही. वर्ध्याचं तिकीट काढलं आहे.