फोटोवर पालथी वाटी

रेवाचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी लंडनला, एजवेअरमध्ये बहिणीकडे मटार सोलत बसले होते. "मंगलमावशी, बाबा गेले... सकाळी, झोपेतच. तू येशील ना?" एवढंच. रेवा नॉटिंगहॅमलाच जन्मली, वाढली, त्यामुळे तिचं मराठी दोन वाक्यांत संपतं. त्या दिवशी मला ती दोन्ही जड झाली. मटार तसेच टाकून मी नॉटिंगहॅमला परतीची ट्रेन पकडली. विनायक म्हणजे पुण्याच्या मेडिकल कॉलेजात पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडलेला, पुढे इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल देत आयुष्य काढलेला, आणि मला अखेरपर्यंत 'मंगे' म्हणणारा एकुलता एक माणूस. आता दीडेक महिना झाला. रविवार आला की अजून मी दोन कप चहाचं आधण ठेवते, आणि मग स्वतःवरच चिडते.

रविवारी विनायक पेपर घेऊन यायचा, मी पोहे करायचे आणि मग आम्ही भांडायचो. भांडायला आम्हाला विषय लागायचाच असं नाही, पण एकदा खरंच मनाला लागलं. अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीय अध्यक्ष होता. त्याच्या युद्धाबाबतच्या कुठल्याशा निर्णयावर विनायकने सडकून टीका केली आणि माझं डोकं फिरलं. "अरे, तो काळा म्हणून अर्धं जग हात धुऊन त्याच्या मागे लागलंय. आता तूही?" त्याने बशी खाली ठेवली. "म्हणजे मी वर्णद्वेष्टा? वॉर्डात ज्याला बघून पेशंट 'दुसरा डॉक्टर नाही का' विचारायचे, तो मी?" त्या दिवशी तो चहा न पिताच गेला. पुढे अध्यक्ष बदलला. गोरा आला, दुसऱ्या पक्षाचा. त्याने जवळजवळ तसाच निर्णय घेतला, आणि मी तावातावाने त्याचा उद्धार केला. विनायकने सगळं ऐकून घेतलं. "मंगे, मागच्या वेळी हेच तुला गोड लागलं होतं. आता माणूस तुझ्या पक्षाचा नाही, एवढाच काय तो फरक." मग उठला, रॅकवरची स्टीलची वाटी आणली आणि पेपरातल्या फोटोवर पालथी घातली. नाव अंगठ्याखाली दाबलं, खालचा मजकूर मला वाचून दाखवला आणि म्हणाला, "आता बोल. बरं की वाईट?"

तेव्हापासून ती वाटी पोह्यांच्या कामातून बादच झाली. इथले पंतप्रधान, तिथले अध्यक्ष, सगळे तिच्याखाली गेले. वाटी उचलल्यावर कितीदा तरी मी तोंडघशी पडले, तोही पडला. फरक इतकाच की तो खो खो हसायचा आणि मी धुसफुसत कप विसळायला जायचे. खरं सांगते, कधीकधी मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. माणसाने एकदा तरी न तपासता एखाद्याच्या बाजूने उभं राहावं की नाही!

रिटायर झाल्यावर त्याने कौन्सिलची अलॉटमेंट घेतली, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. मेथी छान यायची, कारली मात्र बोटाएवढी होऊन थांबायची. पाहता पाहता तो तिथल्या असोसिएशनचा प्रेसिडेंट झाला आणि त्याने नियम केला: होजपाइप बंद, पावसाचं पाणी पिंपात साठवा आणि कॅनने घाला. झालं! शेजारच्या तुकड्यावर लीक, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी, लावणारा डेरेक दर मीटिंगला बोट उगारून उभा राहायचा. "डॉक्टरांचे गुडघे धड आहेत, आमचे गेलेत, त्याचं काय?" आणि त्याच्या मागे भराभर हात वर व्हायचे; एकदोनदा मीही तिथे बसून पाहिलंय. नियम दर वेळी जेमतेम टिकायचा. अशाच एका मीटिंगनंतर विनायक माझ्याकडे आला, कोट न काढताच बसला. "मंगे, हे लोक पाण्याबद्दल बोलतात की माझ्याबद्दल?" मी वाटी पुढे सरकवली, म्हटलं, लाव की तुझी कसोटी. तो वाटीकडे बघत राहिला. "फोटोवर ठेवता येते गं. स्वतःच्या तोंडावर कशी ठेवू?"

इतकं थकलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. नाइट ड्यूटीनंतरही नाही. पुढच्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला. कारण सांगितलं हृदयाचं... तेव्हा हृदय ठणठणीत होतं. पण तो प्रश्न त्याला सोडेना. भाजी निवडताना, गाडी चालवताना मध्येच म्हणायचा, "कळायला हवं होतं गं एकदा."

तो गेल्यावर रेवाने ठरवलं, अलॉटमेंट सोडायची. "जिथे बाबा नको होते, तिथे मी कशाला?" शेडची किल्ली परत द्यायला मी तिच्याबरोबर मीटिंगला गेले. नवी प्रेसिडेंट सूझन. गोरी, डेरेकची पबमधली जुनी मैत्रीण, तिचं नाव त्यानेच सुचवलेलं. होजपाइपचा नियम तिने तसाच ठेवला होता. तो विषय निघाला मात्र, डेरेक उभा राहिला. इथले जुने लोक सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणतात, तसा म्हणाला, "सूझन डक, तू चुकतेयस." तेच बोट, तेच गुडघे, तोच चढलेला आवाज! मी रेवाचा हात घट्ट धरला. विन्या, ऐक रे! हा खरंच पाण्याबद्दल बोलत होता! मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मग मी मागे वळून पाहिलं. तेच लोक होते, पण हात सगळे मांडीवर. "आणखी कुणाला काही म्हणायचंय?" सूझनने विचारलं. कुणी बिस्किटाचा पुडा फोडला, कुणी फोन पाहिला. डेरेक एकटाच उभा होता. लोकांना पिंपांची सवय झाली असेल, हे सगळ्यांत आधी विनायकनेच म्हटलं असतं. असेलही. पण मला ते मांडीवरचे हात बघवेनात.

चहाच्या वेळी डेरेक रेवाजवळ आला. "तुझे डॅड मुद्द्याला मुद्दा द्यायचे. ही नुसती 'नोटेड' म्हणते. त्यांनी सोडलं का गं? मी काही त्यांना हरवलं नव्हतं." रेवा गाडीत बसल्यावर म्हणाली, "मावशी, म्हणजे डेरेक रेसिस्ट नव्हता?"

"डेरेक नव्हता."

"मग बाकीचे?"

मी सीटबेल्ट लावत बसले. किल्ली अजून तिच्याच खिशात होती.

परवा रविवारी रेवा आली. हातात मातीसकट मेथीची जुडी आणि बगलेत पेपर. सवयीने मी पेपर पसरला आणि फोटोवर वाटी पालथी घातली. तिने ती उचलली, खालचा चेहरा पाहिला, परत ठेवली.

"मी अलॉटमेंट ठेवतेय, मावशी. नेक्स्ट मीटिंगला बाबांच्या नियमासाठी मी बोलणार."

"हात वर होतील हं परत," मी म्हटलं.

"होऊ दे. माझा तोंड बघूनच होऊ दे. मी पण त्यांचा तोंड बघणार."

मी आत गेले आणि दुसऱ्या कपात चहा ओतला.