बिनकडीचे चाचा

आमच्या समोरच्या गादीवाल्या चाचांइतका भला माणूस लातुरात दुसरा नसेल, आणि कडी-कोयंड्याचा एवढा जन्माचा वैरी तर अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडणार नाही. त्यांच्या घराला पुढचं दार आहे, मागचं दार आहे, माडीवरच्या खोल्यांना दारं आहेत, पण एकाही दाराला कडी नाही. सगळ्या कड्या त्यांनी स्वतःच्या हातानं उपटून भंगारवाल्याला देऊन टाकल्या. फक्त न्हाणीघराच्या कडीसाठी चाची इरेला पेटल्या म्हणून तेवढी एक शिल्लक राहिली, तर चाचांनी न्हाणीघराबाहेर खिळा ठोकून त्याला हातोडा टांगला. का, तर वेळ आली तर दार फोडता यावं! पाहुणे आंघोळीला जाताना तो हातोडा बघून बिचकायचे. मी एकदा विचारलं, “चाचा, चोराचं भ्या न्हाई वाटत तुम्हाला?” तर म्हणाले, “काय न्यावं बाई चोरानं? गाद्या हायत. डोक्यावर गादी घेऊन पळणारा चोर मला बी बघायचाय एकदा.”

मी शाळेत शिकवायची, दुपारी घरी यायची, आणि जेवून पडलं की समोरून पिंजणाचा आवाज यायचा. टँव, टँव, टँव. त्या आवाजानं मला जी झोप लागायची ती आता गोळी घेऊनसुद्धा लागत नाही. उन्हाच्या तिरिपीत कापसाची म्हातारी तरंगत असायची, चाचांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि उंबऱ्याशी बसलेल्या चाची त्यांना काहीतरी रागावून सांगत असायच्या. चाचा हो हो म्हणायचे आणि काहीच ऐकायचे नाहीत. आमच्या भागात क्लासेसचं पेव फुटलं आणि डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी गावोगावहून यायला लागल्या, तशा चाचांनी माडीवरच्या खोल्या पोरींना दिल्या. जून लागला की प्रत्येकीला नवी गादी, आणि वर चाचींच्या हातची खिचडी. आई-बाप खोली बघायला आले की आधी दाराकडं बघायचे आणि त्यांचे चेहरे उतरायचे. इस्लापूरहून आलेले एक गृहस्थ तर जोरातच म्हणाले, “अहो, पोरीची जात, अन् कडी न्हाई?” चाचा शांतपणे म्हणाले, “कडीला डोळे असतात का? मला हायत.” आणि खरंच, पोरी वर असेपर्यंत हा माणूस रोज उंबऱ्यातच गादी टाकून झोपला. त्या गृहस्थांची पोरगी याच घरात राहून शिकली आणि पुढं डॉक्टर झाली.

हे वेड कुठून आलं, ते आमच्या गल्लीला ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. भूकंपाच्या वेळी चाचांचं नवं लग्न झालं होतं. चाची औशाकडच्या आपल्या माहेरी गेल्या होत्या आणि चाचा त्यांना आणायला गेले होते. जावई म्हणून अंगणात बाज टाकून दिली होती, चाची आत होत्या, आतून कडी लावलेली. पहाटे जमीन हलली. भिंत खचली, चौकट वाकडी झाली आणि कडी अशी अडकली की दार जागचं हलेना. चाचा नखं तुटेस्तोवर ते दार ओढत होते. आतून चाची एवढंच म्हणत होत्या, “मी हाय. घाबरू नका, मी हाय.” दिवस वर आल्यावर लोकांनी पहार घालून दार फोडलं आणि चाची बाहेर आल्या, डोक्यापासून पायापर्यंत मातीच्या. त्या दिवसापासून चाचांनी कडी हा शब्दसुद्धा घरात घेतला नाही. गल्ली त्यांना हसायची, मीही हसले आहे, पण त्यांच्या दाराला कडी बसवायची भाषा कुणी केली नाही.

अशा माणसाच्या हातात मोबाईल आला. त्या कंपनीला बिचारीला काय कल्पना, आपण कुणाच्या घरात शिरतोय! पहिल्याच दिवशी फोननं पासवर्ड मागितला. चाचा मला हाक मारून म्हणाले, “बाई, ह्ये कडी लावा म्हणून राहिलं.” खातं उघडल्याशिवाय फोन चालत नाही म्हटल्यावर नाइलाजानं इस्लापूरच्या पोरीनं चाचींच्या नावापुढं एक-दोन-तीन लावून पासवर्ड करून दिला, आणि खात्याला नंबरही चाचींचाच दिला, कारण चाचांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता. चाचांनी काय करावं? जिन्याच्या भिंतीवर पोरींसाठी पाटी होती, नळाला पाणी कवा येणार त्याची. त्याच पाटीवर त्यांनी खडूनं पासवर्ड लिहून टाकला! मी कपाळावर हात मारला. “अहो चाचा, हे कुणाला सांगायचं नसतं!” “का? आत काय कुणाला मारून टाकलंय का मी?” झालं. त्या वर्षीपासून माडीवरच्या प्रत्येक पोरीनं आपल्या नोट्स, प्रश्नपत्रिकांचे फोटो, भावाच्या लग्नाचे फोटो, सगळं चाचांच्या खात्यात ठेवलं. हे सामान नेमकं असतं कुठं, असं चाचांनी विचारलं तेव्हा पोरी म्हणाल्या, ढगात. चाचा कितीतरी वेळ वर बघत राहिले. “आपल्या मुलखात ढगाचा भरोसा धरायचा म्हणजे धाडसच हाय,” एवढंच म्हणाले आणि पिंजायला लागले.

कंपन्यांशी त्यांच्या तक्रारी रोजच्या होत्या, पण त्यात कडवटपणा नसायचा. गिऱ्हाइकाशी कसं वागावं हे या लोकांना कुणी शिकवलं नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं. अटी आणि नियम आले की ते काम थांबवून मला वाचायला लावायचे. मी वाचून वाचून घसा कोरडा केल्यावर म्हणायचे, “यातलं दुसरं कलम आपल्याला पटलं न्हाई. ‘मान्य न्हाई’चं बटन कुठंय?” ते बटण नसतं हे त्यांना कधीच खरं वाटलं नाही. सकाळी उठून बघावं तर फोनचा चेहराच बदललेला, हिरवं बटण निळं झालेलं, खालचं वर गेलेलं. चाचा फोन हातात घेऊन गल्लीभर फिरायचे. “मी गादी विकल्यावर कुणाच्या घरात घुसून कापूस बदलून येतो का? उशाकडचं पायथ्याला करतो का? मग ह्यांनाच कोण परवानगी दिली?” मदतीच्या नंबरावर फोन लावला की एक दाबा, दोन दाबा सुरू व्हायचं आणि चाचा त्या यंत्राला अदबीनं म्हणायचे, “दाबतो, दाबतो, पर आधी माझं ऐकून तर घ्या.” कधी खरीखुरी मुलगी बोलायला आली की पहिला प्रश्न, “बेटा, गाव कुठलं तुझं?” ती म्हणायची, माफ करा सर, ही माहिती देता येणार नाही. फोन ठेवून ते हळहळायचे. “गावच विचारलं हो, तिजोरीची चावी न्हाई मागितली.” शेवटी किती तारे देणार असं विचारलं की मात्र पाचच्या पाच द्यायचे. काम झालेलं नसायचं, पण पोरीचा आवाज थकलेला होता, असं त्यांचं म्हणणं.

चाचींना लिहिता यायचं नाही. पोरींनी त्यांना शिकवलं, हे बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. झालं, चाचींना खेळच सापडला! चाचा बाजारात गेले की निरोपावर निरोप. कोथिंबीर आणा. जुडी बघून घ्या, मागच्या वेळंला किडकी आणली. कुठं बसून राहिलात, च्या गार व्हायलाय. चाचा ते निरोप कधी वेळेवर ऐकायचेच नाहीत. कोथिंबिरीशिवाय घरी यायचे, बोलणी खायचे आणि मग दुपारी पिंजताना एकेक ऐकून हसायचे. ते सगळे निरोप आपोआप त्या ढगात साठत गेले. मग एका उन्हाळ्यात चाची गेल्या. फार आजारी नव्हत्या. दुपारी पडल्या त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर महिनोन्‌महिने समोरून पिंजणाच्या आवाजात मिसळून चाचींचा आवाज यायचा. कोथिंबीर आणा. च्या गार व्हायलाय. अर्धवट झोपेत मला कितीदा वाटायचं की त्या उंबऱ्यातच बसल्यात. आणि एक दिवस नुसतंच पिंजण ऐकू आलं. मी उठून गेले. चाचांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला होता आणि नव्या फोनवर त्यांचं खातं उघडत नव्हतं. कंपनीचा संदेश होता की या खात्याचा पासवर्ड अनेक गावांतून वापरला गेलाय, हालचाल संशयास्पद आहे, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा. मुदतीत ओळख पटली नाही तर सगळं कायमचं पुसलं जाईल. अनेक गावांतून नाही तर काय! पाटीवर पासवर्ड वाचून गेलेल्या पोरी आता साऱ्या मुलखात डॉक्टर होऊन बसल्या होत्या.

आम्ही काय काय नाही केलं! खात्री करायचा आकडा चाचींच्या नंबरवर जात होता, आणि तो नंबर त्यांच्यामागं बंद पडलेला. सुरक्षेचा प्रश्न आला, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय. चाचा म्हणाले, बोकड पाळला होता, त्याला आम्ही बोकडच म्हणायचो. ते उत्तर चुकलं. अखेर नांदेडला कंपनीचं दुकान आहे म्हणून मी त्यांच्याबरोबर एस.टी.नं गेले. काचेचं चकाचक दुकान, आत गारवा. चाचांनी चपला बाहेर काढल्या आणि पिशवीतून रेशनकार्ड, आधार, लग्नातला फोटो, सगळं त्या टेबलावर मांडलं. टाय लावलेला तरुण नम्र होता, पण म्हणाला, “काका, खातं कंपनीकडं असतं. आम्ही इथं फक्त फुटलेली काच बदलून देतो.” चाचांनी टेबलावरचा लग्नातला फोटो त्याच्यापुढं सरकवला. मग अगदी हळू म्हणाले, “काच न्हाई फुटली, बेटा. आत माणूस हाय.”

तो काही समजला नाही. मी समजले आणि माझा असा संताप झाला की मी त्या दुकानात मराठी शिक्षिकेला न शोभणारे दोन-चार शब्द बोलले. त्यानं काय होणार होतं? परतीच्या एस.टी.त चाचा खिडकीशी बसून बोटांची नखं चाचपत होते. हा माणूस पुन्हा त्याच दाराशी उभा होता, आणि या वेळी पहार कुणाकडंच नव्हती.

घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं. जिन्यावरच्या पाटीवरचा खडू पुसट झाला होता, तरी चाचींचं नाव वाचता येत होतं. ते बघून मला वाटलं, एवढ्या पोरी या खात्यात शिरल्या, त्या सगळ्याच बाहेर पडल्या असतील कशावरून? मी फोन करत सुटले. कुणाचा फोन बदललेला, कुणाचा चोरीला गेलेला. इस्लापूरची पोरगी आता धर्माबादेला दवाखान्यात असते. ती म्हणाली, “बाई, माझा तेव्हाचा टॅब ट्रंकेत पडून हाय. त्यात चाचांचं खातं मी कधी बंदच केलं न्हाई.” आणि रविवारी ती स्वतः तो टॅब फडक्यात गुंडाळून घेऊन आली. जुनाच तो, बराच वेळ चार्जिंगला लावल्यावर कसाबसा जागा झाला. तिनं नव्या फोनवरून खातं उघडायला घेतलं, तशी टॅबवर एक चौकट आली. दुसऱ्या फोनवरून कुणीतरी आत येऊ पाहत आहे, ते तुम्हीच का? खाली होय आणि नाही. तिनं टॅब चाचांपुढं धरला. “चाचा, आतून उघडायलंय बघा. तुम्हीच दाबा.” चाचांनी बोट सदऱ्याला पुसलं आणि होय दाबलं.

उघडलं! भावांची लग्नं, बेडकाच्या हृदयाच्या आकृत्या, प्रश्नपत्रिका, सगळ्या पोरींचा पसारा, आणि त्याच्या तळाशी चाची. पोरीनं हाती लागेल तो निरोप लावला. “ऐकायले का? किती उशीर करून राहिलात. मी घरीच हाय. दार लोटलेलं हाय, या.” चाचांनी तोंडावर उपरणं घेतलं. मी आणि ती पोरगी, आम्ही दोघीही ओक्साबोक्शी रडलो. सांगायला लाज कसली? तेवढ्यात फोननं विचारलं, सुरक्षेसाठी नवा, अधिक कडक पासवर्ड ठेवायचा का? चाचांनी उपरण्याआडूनच मान हलवली, न्हाई. ते सगळे निरोप त्या पोरीनं तिथंच बसून ढगातून फोनमध्ये उतरवून घेतले, माझ्याकडंही दिले आणि स्वतःकडंही ठेवले.

आता चाचांच्या हातून पिंजण होत नाही. पोरीही फोमच्या गाद्या घेऊन येतात. दुपारी ते उंबऱ्यात, चाची बसायच्या त्या जागी बसतात आणि फोन कानाशी धरतात. माझा डोळा लागत असतो तेव्हा समोरून चाचींचा आवाज येतो, मी घरीच हाय, दार लोटलेलं हाय, या. चाचा म्हणतात, “आलो, आलो,” आणि तिथंच बसून राहतात.