वहीतले चौऱ्याऐंशी किलो

जर्मन पाणबुडीवरचा खलाशी मोमे पायसेन याच्याकडे सात वर्षं एकच वही होती. पाणबुडीवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाचं वजन तो त्यात लिहायचा. बुडी मारण्याआधी कोणत्या टाकीत किती पाणी घ्यायचं, हे त्या वजनांवरून ठरायचं. मागच्या मोटरीजवळचा माणूस उठून पुढे आडवा व्हायला गेला, तरी बोट नाक खाली घालायची. वजनात चूक चालत नसे.

खलाशी त्या बोटीला म्हातारी म्हणत. वयानं ती फार नव्हती, पण तिच्या नंतरच्या बोटींना डिझेलची इंजिनं मिळाली आणि ही रॉकेलवर राहिली. वर तरंगत असताना तिच्या धुराड्यातून पांढरा धूर निघायचा आणि तो मैलोन् मैल दिसायचा. बुडी मारायची तर आधी ते धुराडं आडवं पाडावं लागे. १९१४च्या ऑगस्टमध्ये ती उत्तर समुद्रात गेली. दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्ही वेळा धूर पाहून इंग्रजांच्या विनाशिका तिच्या मागे लागल्या. तिसऱ्या फेरीला तिला कुणी पाठवलं नाही. तिनं एकही जहाज बुडवलं नाही. पुढच्या वसंतात तिला कील बंदरातल्या पाणबुडी शाळेत शिकाऊ खलाशांसाठी दिलं, आणि तिच्याबरोबर मोमेलाही.

१९१७च्या फेब्रुवारीत कीलमध्ये बटाटा मिळत नव्हता. लोक सलगम खात होते. सलगमाची लापशी, सलगमाचा पाव, भाजलेल्या सलगमाची कॉफी. पाणबुडीवाल्यांना मात्र लोणी, खारवलेलं डुकराचं मांस आणि खरी कॉफी मिळे. मोमेचं लोणी आणि मांस दर शनिवारी एलरबेकला त्याच्या घरी जाई. अकरा वर्षांची मुलगी काइके डिसेंबरात छातीच्या दुखण्यातून जेमतेम उठली होती. डॉक्टरनं औषधाच्या चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला होता : चरबी.

पासष्ट किलोच्या खालचा माणूस पाणबुडीवर घ्यायचा नाही, असा शाळेचा नियम होता. त्यामुळे शिकाऊ पोरं खिशात लोखंडी नट आणि शिशाचे तुकडे भरून काट्यावर चढत. मोमेला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“अडुसष्ट,” त्या सकाळी तो वेंत्सेल कूबिट्झला म्हणाला. “वेंत्सेल, तू चालताना वाजतोस.”

“हाडं आहेत काका. सलगमावर पोसलेली.”

“हाडं खिशात ठेवू नयेत. सांडतात.”

आणि त्यानं अडुसष्ट लिहिले. स्वतः तो काट्यावर चढत नसे. त्याच्या नावापुढे चौऱ्याऐंशी होतं, १९१४ सालचं. दर महिन्याला तो ते नव्या पानावर उतरवून घेई.

सकाळी नऊला बाहेरच्या खाडीत बुडी मारायची होती. धुराडं पाडलं, झाकणं लावली, टाक्या भरल्या. म्हातारी खाली जाईना. पाण्यात तशीच डुलत राहिली.

“काय झालंय हिला?” बोटीचा कप्तान, लेफ्टनंट ब्रेमर, यानं विचारलं. तो सव्वीस वर्षांचा होता आणि वहीवर त्याचा विश्वास होता.

“पश्चिमेचा वारा आहे साहेब. खारं पाणी आत आलंय. खाऱ्या पाण्यात बोट हलकी होते.”

हे खोटं नव्हतं. पश्चिमेच्या वाऱ्यानं तिथलं पाणी खरोखरच खारं होतं. फक्त त्या दिवशी ते कारण नव्हतं.

ब्रेमरनं पुढच्या टाकीत आणखी पाणी घ्यायला लावलं. तरी ती बुडेना. मग त्यानं आठ जणांना पुढे पळवलं. म्हातारीनं मान टाकली आणि सरळ खाली गेली. चोवीस मीटरवर तिचं नाक गाळात रुतलं. धक्क्यानं पाणी उपसायच्या पंपाची मोटर जळाली. पाणी बाहेर ढकलायला टाक्यांत हवा सोडून पाहिली, तर शेपूट वर आलं आणि नाक तिथंच राहिलं. बोट घसरगुंडीसारखी तिरकी झाली.

निशाणाची तरंगती पेटी वर सोडली होती. वर धुकं होतं. जहाज शोधत येईपर्यंत आत श्वास पुरेल याची खात्री नव्हती. बाटल्यांत दाबाची हवा आणखी एका प्रयत्नापुरती होती.

ब्रेमर दिव्याखाली वही घेऊन बसला. भिंतींवरून घाम ओघळत होता. बराच वेळ त्यानं आकडेमोड केली.

“जमेल,” तो म्हणाला. “सगळे शेपटाकडे गेले की तेवढ्या वजनानं नाक सुटतं. मग हवा सोडायची. पायसेन, तुम्ही झडपेवर उभे राहा.”

मोमे झडपेपाशी गेला. हात चाकावर ठेवला. गेल्या शनिवारी काइकेनं लोण्याची पुडी उघडून आधी वास घेतला होता. वही खोटी निघाली तर पहिली चौकशी वही लिहिणाऱ्याची होणार होती. न बोलता चाक फिरवलं असतं, तर कदाचित बोट सुटलीही असती. कदाचित.

“साहेब, थांबा,” तो म्हणाला. “वही खोटी आहे.”

ब्रेमरनं मान वर केली. “किती?”

“विचारावं लागेल.”

मोमे तिरक्या जमिनीवर दांडा धरून मागे वळला.

“कानांवर पडलंय ना? खरी वजनं सांगा. वेंत्सेल, तू आधी.”

“एकोणसाठ, काका.”

“आणि नऊ किलोची हाडं?”

“धक्क्यावर आहेत. दोराच्या वेटोळ्याखाली.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण हसायला श्वास लागत होता. मग एकेकानं आपापला आकडा सांगितला, अंधारातून, आपल्या जागेवरून. बासष्ट. साठ. सहासष्ट. शेवटी ब्रेमरनं विचारलं, “आणि तुम्ही?”

“चौऱ्याऐंशी लिहिलंय.”

“लिहिलेलं मी वाचलंय.”

“मग माहीत नाही साहेब. पट्ट्याला चार भोकं नवी पाडलीत. साठ-बासष्ट धरा.”

बेरजेत दोनशे किलो कमी भरले. ब्रेमरनं पेन्सिल खाली ठेवली. पहिल्या हिशेबानं शेवटची हवा फुकट गेली असती.

“दोनशे किलो आणायचे कुठून?”

“पुढच्या टाकीतलं पाणी मागे न्यायचं. बादल्यांनी.”

टाकीचं झाकण काढलं. माणसं ओळीनं उभी राहिली, एकमेकांच्या छातीला पाठ लागेल इतकी जवळ. वीस बादल्या चढावर गेल्या. बर्फासारखं पाणी बाह्यांत शिरत होतं. बाराव्या बादलीला एक जण खाली बसला, त्याच्या डोक्यावरून बादली पुढे गेली. पंधराव्यानंतर कुणी मोजलं नाही, मोमेशिवाय. मग सगळे शेपटाकडे सरकले, एकमेकांवर रेलले, आणि मोमेनं चाक फिरवलं.

आधी काहीच झालं नाही. नंतर पुढून चिखलातून बूट उपटल्यासारखा आवाज आला.

दुपारी धक्क्यावर डॉक्टर उभा होता. या वेळी सर्वांना नुसत्या सदऱ्यात काट्यावर चढवलं. काटा ब्रेमरनं स्वतः वाचला. वीस शिकाऊंपैकी बारा पासष्टच्या खाली निघाले, वेंत्सेलही. शेवटी मोमे चढला. एकसष्ट.

“पाणबुडीला नालायक,” डॉक्टरनं लिहिलं.

वहीबद्दल ब्रेमरनं अहवालात एवढंच लिहिलं, की ती जुनी झाली होती. मोमेची बदली किनाऱ्यावर कोळशाच्या गोदामात झाली. तिथं साधं रेशन होतं.

घरी त्यानं शेवटची पुडी टेबलावर ठेवली. त्याची बायको गेशे हिनं ती उघडली नाही.

“पुढच्या शनिवारी?” तिनं विचारलं.

“सलगम.”

“तोंड बंद ठेवलं असतंस तर?”

“तर ही पुडीही आली नसती.”

“बहुतेक,” गेशे म्हणाली, आणि सुरी घेऊन लोण्याचे सात दिवसांचे सात भाग करायला बसली.

पुढच्या शनिवारी गोदामाच्या दारात एक पुडकं सापडलं. लोणी, आठ वेगवेगळ्या कागदांत थोडं थोडं. शाळेत राहिलेली पोरं आठच होती. पुडकं मेअखेरपर्यंत दर शनिवारी येत राहिलं. मग ते बंद झालं, कारण पोरांना बेल्जियमच्या किनाऱ्यावर, फ्लँडर्सच्या लढाऊ बोटींवर पाठवलं होतं.

काइके वाचली. म्हातारी युद्ध संपेपर्यंत शाळेतच होती, नंतर भंगारात गेली. त्या आठांतलं कुणी परत आलं नाही. वही मोमेकडे राहिली नव्हती, पण त्या दिवशी अंधारातून सांगितलेले त्यांचे आकडे त्याला पाठ होते.